दसऱ्याची अर्धी पळी

या गोष्टीला आज आठ दिवस झाले आणि मला अजून धड जेवण जात नाही. सत्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात मी पुष्कळ धक्के पचवले, पण या वेळचा घास घशातच अडकला आहे. तापट माणसाला राग काढायला कोणीतरी लागतं. आता राग काढायचा तर कोणावर, हेच कळेनासं झालंय.

दिवाकर मेकॅनिककडे मी गाडी पाठवली ती दुरुस्तीसाठी नव्हे. मला त्याच्याकडून एक कागद हवा होता. पोलोग्राउंडला त्याचं गॅरेज आहे, जुन्या गाड्यांत त्याचा हात धरणारा इंदुरात कोणी नाही. मी त्याला सांगितलं होतं, या गाडीचे ब्रेक तपास आणि तुझ्या छापील कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून दे की यांच्यात दोष नाही आणि कधीच नव्हता. असा कागद कशाला, असं त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी त्याला झापलंच असतं. तो कागद मला माझ्या मुलाच्या, संजीवच्या पुढ्यात टाकायचा होता.

गाडी म्हणजे आमची दोन सीटची, उघड्या टपाची, गडद हिरवी इंग्लिश स्पोर्ट्स कार. चौसष्ट सालची. माझ्या वडिलांनी, आबासाहेबांनी, ती अडुसष्टात महूच्या एका लष्करी डॉक्टरकडून विकत घेतली. आमचे पूर्वज होळकरांच्या रिसाल्यात होते. घोडे गेले, रिसाला गेला, संस्थानही गेलं. आबासाहेब म्हणायचे, आता हाच आपला घोडा.

दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजा असते. दोन तलवारी, एक कट्यार आणि आजोबांची एकनळी बंदूक. आदल्या दिवशी सगळं पुसून त्यांना पातळ मशीन-तेल लावायचं. हे तेल चांदीच्या वाटीत काढून देवापुढे ठेवतात आणि उरलेलं फेकत नाहीत. आबासाहेब त्यातली एक पळी गाडीच्या इंजिनात घालायचे, घोड्यालाही शस्त्राचा मान म्हणून. इंजिनात चार लिटर तेल असतं, एका पळीने त्याचं काही बिघडत नाही. एकोणनव्वदला आबासाहेब गेले आणि पूजा माझ्याकडे आली. मला वाटलं, मान द्यायचा तर पुरता द्यावा. बॉनेटखाली जिथे जिथे तेल भरायचं झाकण दिसेल तिथे तिथे मी थोडं थोडं घालायला लागलो. इंजिनात एक पळी आणि ब्रेकच्या डबीत अर्धी. डबी लहान म्हणून अर्धी. हे मी कोणाला सांगितलं नाही. पूजा आटोपून घरचे जेवायला आत गेले की मी एकटा मागे राहायचो आणि झाकणं उघडायचो. मला त्यात फार समाधान वाटायचं, हेही सांगून टाकतो.

आता दोन हजार तीनची गोष्ट. फेब्रुवारी महिना होता. माझी मुलगी मधुरिमा तेव्हा सतरा वर्षांची होती आणि राज्याच्या बॅडमिंटन संघात तिची नुकतीच निवड झाली होती. घरात नुसता आनंद होता. संजीव तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तो म्हणाला, मधूला ओंकारेश्वरला दर्शनाला नेतो, गाडी द्या. मी दिली. भेरूघाटाच्या उतारावर गाडी डोंगराच्या अंगाला धडकली. संजीवला थोडं खरचटलं. मधुरिमाचा डावा गुडघा पुढच्या पत्र्याखाली चेंगरला. तीन ऑपरेशनं झाली. पाय वाचला, बॅडमिंटन गेलं. आज ती एकोणचाळीसची आहे, शाळेत गणित शिकवते, स्वतः कार चालवते, पण जिना उतरताना कठडा धरते.

त्या दिवशी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात संजीव मला म्हणाला, "बाबा, ब्रेक लागलाच नाही. पेडल एकदम खाली गेलं. मी चार-पाच बार मारला, कुछ नहीं हुआ."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी घाटाजवळच्या सिमरोलला गेलो, तिथल्या चौकीसमोर गाडी ओढून आणून ठेवली होती. आत बसलो आणि ब्रेक दाबला. पेडल दगडासारखं घट्ट. दहा वेळा दाबला, हवालदारालाही दाबायला लावला. तोही म्हणाला, "ब्रेक तो एकदम बढ़िया है साहब." परत आलो आणि मधुरिमाच्या खाटेपाशी, तिच्या आईसमोर, दोन नर्सेससमोर संजीवला म्हणालो, "तू ब्रेक दाबलाच नाहीस. घाबरून भलतीकडे पाय मारलास आणि आता गाडीवर ढकलतोयस. बहिणीचा पाय मोडलास तो मोडलास, निदान खोटं तरी बोलू नकोस."

मला वाटायचं हे वाक्य मी तेव्हा एकदाच बोललो. मधुरिमा म्हणते, मी ते वर्षभर बोलत होतो.

ती बिचारी खाटेवरून सांगत होती, "बाबा, दादाचा गुडघा वर-खाली होत होता, मी बघितलं." मी तिला गप्प केलं. म्हटलं, तू बहीण, तू त्याचीच बाजू घेणार.

त्यानंतर संजीवने ब्रेकचं नाव काढलं नाही आणि कुठलंही वाहन चालवलं नाही. कार नाही, स्कूटर नाही, सायकलसुद्धा नाही. दोन हजार सहाला लग्न केलं आणि सुदामा नगरात राहायला गेला. विमा कंपनीत नोकरी करतो, सिटी बसने जातो, सिटी बसने येतो. मला वाटायचं हे सगळं मला दाखवायला चाललंय. बापाने आळ घेतला ना, मग जन्मभर बसचा दांडा धरून बापाला लाजवायचं. दसऱ्याला येतो, सोनं देतो, पाया पडतो आणि रिक्षाने परत जातो. माझी बायको शांता आठ वर्षांपूर्वी गेली. जाण्याआधी ती म्हणाली होती, पोराला जवळ घ्या. मी म्हणालो, आधी त्याने कबूल करावं. मरणाऱ्या बाईला मी हे उत्तर दिलं.

गाडीचा पत्रा डेंटरने सरळ करून दिला आणि ती आमच्या मनोरमागंजच्या घरी शेडमध्ये उभी राहिली. मी तिला पुन्हा रस्त्यावर काढली नाही. दर दसऱ्याला पूजा, पाच मिनिटं इंजिन चालू, आणि पळ्या. त्यात बावीस वर्षांत खंड नाही.

या दसऱ्याला संजीवची मुलगी अनुश्री अठरा वर्षांची झाली म्हणून हट्टाला पेटली. "आजोबा, मला ड्रायव्हिंग शिकायची आहे आणि याच गाडीवर शिकणार. कितनी मस्त है!" मी खूश झालो. आमच्या रक्ताची आहे म्हटलं. तेवढ्यात संजीव मागून ओरडला, "नाही. ती गाडी नको. अनू, हात नको लावू तिला."

बावीस वर्षांत त्याचा आवाज माझ्या घरात पहिल्यांदा चढला. पाहुणे बसले होते. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "गाडीला काय झालंय? गाडीत दोष तेव्हाही नव्हता, आताही नाही. दोष कशात होता ते सगळ्यांना माहीत आहे." तो पांढराफटक पडला, अनुश्रीचा हात धरला आणि निघून गेला. मी दुसऱ्याच दिवशी दिवाकरला ट्रॉली पाठवायला सांगितलं.

दिवाकर पन्नाशीचा आहे. वडील मिलमध्ये कारकून होते. मिल बंद पडल्यावर हा पोलोग्राउंडला एका उस्तादाच्या हाताखाली लागला आणि स्वतः उस्ताद झाला. त्याने गाडी उघडली आणि पहिले चार दिवस मला रोज एक फोन.

"काका, टाकी आतून पूरी सडलीय. जुनं पेट्रोल डिंकासारखं झालंय. आणि आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं ना, ते जुन्या रबरचे पाइप खाऊन टाकतं. सगळे बदलावे लागतील."

दुसऱ्या दिवशी: "काका, टायर नवे दिसतात पण मेलेले आहेत. उभ्या उभ्या एका जागी चपटे झाले. वायरींचं कव्हर हाताला लागलं तर चुरा होतंय. क्लच प्लेट चिकटून बसलीय."

तिसऱ्या दिवशी रेडिएटरमधला गंज. चौथ्या दिवशी सायलेन्सर. म्हणे वर्षातून एकदा पाच मिनिटं इंजिन चालवून बंद करणं म्हणजे गाडीला सर्दी लावून देणं आहे. आत पाणी साचतं, ते सुकायच्या आत तुम्ही बंद करता. "त्यापेक्षा नसती सुरू केली तर बरं होतं, सच्ची."

मला प्रत्येक फोनवर संताप यायचा. मी त्याला दरडावलं, "दिवाकर, मी तुला पाइप आणि टायर विचारले का? ब्रेकचं सांग."

"ब्रेक रविवारी खोलतो. शांततेत. ब्रेकचं काम मी घाईत करत नाही."

रविवारी सकाळी मधुरिमा मला तिच्या कारने घेऊन गेली. पोलोग्राउंडला रविवारी शुकशुकाट असतो. दिवाकर एकटाच होता. टेबलावर स्वच्छ कापड पसरून त्याने सुटे भाग मांडले होते आणि बाजूला एक काचेचा ग्लास ठेवला होता. त्याचा चेहरा बघूनच मला वाटलं, काहीतरी वेगळं आहे.

"काका, बसा. ताई, तुम्ही पण बसा. हे बघा." त्याने ग्लास उजेडात धरला. "हे ब्रेकच्या डबीतून काढलं. दोन थर दिसतात का? खाली काळपट आहे ते ब्रेक ऑइल. आणि हे वर तरंगतंय ते दुसरंच काहीतरी."

"दुसरं म्हणजे?"

"दुसरं तेल. कोणीतरी डबीत दुसरं तेल घातलंय. आणि हे काही एका दिवसाचं काम नाही. थोडं थोडं करून, बरीच वर्षं. काका, खरं सांगू, माझी इतकी वर्षं झाली या लाइनीत, असा गाढवपणा मी नाही पाहिला. कौन आदमी होता तो?"

मी म्हणालो, "कोण हरामखोर?" हे मी अगदी मनापासून म्हणालो. मला खरोखर तेव्हा माहीत नव्हतं. हे लिहिताना माझीच मला लाज वाटते, पण ते तसंच झालं. मी दात-ओठ खाऊन त्या माणसाला शिव्या देत होतो.

दिवाकरने दोन काळे रबरी कप माझ्या तळहातावर ठेवले. "हा नवा. हा तुमच्या गाडीतला. फरक बघा." जुना कप रात्रभर भिजवलेल्या चण्यासारखा फुगला होता. बोटाने दाबला तर मऊ लागला. "ब्रेकच्या आत दुसरं तेल गेलं ना, की रबर फुगतं. फुगलं की आतलं एक सुईएवढं छिद्र बंद होतं. मतलब, पाय उचलला तरी ब्रेक पूरा सुटत नाही, चिकटून राहतो. शहरात चार-दोन किलोमीटर चालवली तर समजणार पण नाही. पण घाटात उतरवली तर घासून घासून इतका गरम होतो की आतलं ऑइल उकळतं. उकळलं की झाली वाफ. आणि वाफेवर पेडल मारलं की पाय सरळ जमिनीला."

मधुरिमा खुर्चीत सरळ झाली. "आणि मग, दिवाकरभिया?"

"मग काय ताई, गाडी ठोकणार. आणि ऐका ना, असली गोष्ट तर पुढे आहे. गाडी रात्रभर थंडी झाली ना, की वाफ परत बसते. सकाळी पेडल मारा, एकदम पत्थर. मग कोणी मानायलाच तयार नाही की ब्रेक गेला होता. चालवणारा बिचारा ओरडत राहतो आणि लोक त्याला म्हणतात झूठा. म्हणून माझे उस्ताद सांगायचे, थंड्या गाडीचा ब्रेक बघून कोणाला सर्टिफिकेट द्यायचं नाही. या गाडीने कधी घाटात असं केलं होतं का हो, काका?"

त्याला काही माहीत नव्हतं. तो नुसताच विचारत होता.

मी ग्लासाकडे बघत होतो. वरचा थर पिवळसर होता, पातळ, स्वच्छ. मी ते तेल ओळखलं. दर वर्षी चांदीच्या वाटीत मी तेच काढतो. एकोणनव्वद ते दोन हजार तीन. मी मनात अर्ध्या पळ्या मोजायला लागलो आणि सहा-सातच्या पुढे मोजताच येईना.

मधुरिमा उभी राहिली होती. तिने टेबलाला धरलं होतं. "बाबा," ती म्हणाली, "दादा खरं बोलत होता." मग पुन्हा, हळू आवाजात, "दादा खरं बोलत होता ना."

दिवाकर गोंधळून आमच्याकडे बघत होता. वातावरण सांभाळायला म्हणाला, "असेल कोणीतरी नवशिका मेकॅनिक. त्या जमान्यात लोक काहीही टाकत होते. जाऊ द्या, आता कोण होता ते कसं कळणार."

आणि मी म्हणालो, "हो. असेल कोणी मेकॅनिक."

हे मी म्हणालो. मुलावर खोटेपणाचा आळ घेणारा मी, तोंडातून पहिलं आलं ते हे. कोणाला कळणार होतं? आबासाहेब नाहीत, शांता नाही. पळीचं मी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. त्या क्षणी मला बरंसुद्धा वाटलं, सुटलो असं वाटलं. दिवाकरने विचारलं, "मग काका, कागदावर काय लिहू?" मी म्हणालो, "जे दिसलं ते लिही." त्याने लिहिलं, सही केली, शिक्का मारला. मी मागितलेला कागद मला मिळाला.

गाडीत बसल्यावर मधुरिमा रडत होती आणि हसतही होती. "मी आत्ताच दादाला फोन करते. बावीस साल, बाबा! कुठल्या तरी मूर्ख मेकॅनिकमुळे बावीस साल!" तिने फोन हातात घेतला. मी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"फोन नको. सुदामा नगरला चल."

"आत्ता? तुम्ही?" तिला खरं वाटेना. संजीवच्या घरी मी एकोणीस वर्षांत दोनदा गेलो होतो, एकदा वास्तुशांतीला आणि एकदा अनुश्रीच्या बारशाला.

"चल म्हटलं ना."

रस्ताभर ती बोलत होती, मेकॅनिकला शोधायला पाहिजे, त्याच्या घरी जाऊन त्याला सांगायला पाहिजे की तू काय केलंस. मी खिडकीबाहेर बघत होतो. राजमोहल्ल्याच्या पुढे सिग्नलला एक सिटी बस आमच्या शेजारी थांबली. दारात माणसं दाटीने उभी होती. मी छातीवर हात ठेवला तशी ती घाबरली, "बाबा, हॉस्पिटलला नेऊ?" मी म्हणालो, मला काही झालं नाहीये. सरळ चल.

मी मनाशी तयारी करत होतो. संजीव चिडेल. ओरडेल. म्हणेल, बावीस वर्षं मला खोटं पाडलंत, आता कशाला आलात? माझ्याकडे त्याची उत्तरं तयार नव्हती, पण निदान त्याचं ऐकून घ्यायचं असं मी ठरवलं होतं. मी खाली मान घालून उभा राहीन. त्याने घराबाहेर काढलं तर जाईन.

दार सूनबाईने, निधीने उघडलं. मला बघून तिने पटकन डोक्यावर पदर घेतला आणि आत वळून हाक मारली, "अहो, बाबा आलेत." आवाजात भीती होती. माझं येणं म्हणजे काहीतरी वाईटच, असं या घराला वाटतं. संजीव आतल्या खोलीत शर्टांना इस्त्री करत होता. इस्त्री तशीच उभी करून बाहेर आला. "काय झालं? मधू बरी आहे ना?"

"मी बरी आहे रे दादा," मधुरिमा माझ्या मागून म्हणाली. तिच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. "बाबा, सांगा ना त्याला."

निधीने खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही. मी कागद काढला, पण तो त्याला दिला नाही, माझ्याच हातात धरला आणि उभ्या उभ्या सांगितलं. "दिवाकरने गाडीचे ब्रेक उघडले. त्यात दुसरं तेल निघालं. त्या तेलाने रबर फुगतं आणि घाटात ब्रेक जातो. थंड झाला की परत लागतो. म्हणून मला सिमरोलला लागला." माझा आवाज मला ओळखू येईना. "ते तेल मी घातलं होतं. दर दसऱ्याला, पूजेनंतर, शस्त्रांचं उरलेलं. अर्धी पळी. तुझ्या आजोबांनी ब्रेकमध्ये कधी घातलं नाही. ते मी सुरू केलं."

मधुरिमाचं हसू जागच्या जागी विझलं. ती माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, तुम्ही?" एवढंच म्हणाली. तिच्या गुडघ्याचा गुन्हेगार बावीस वर्षं तिच्याच घरात जेवत होता.

मी संजीवच्या ओरडण्याची वाट बघत होतो. तो ओरडला नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही. तो काहीतरी अवघड हिशोब सोडवत असावा तसा कपाळाला आठ्या घालून उभा होता.

"बाबा, एक मिनिट," तो म्हणाला. "म्हणजे मी ब्रेक दाबला होता?"

मला प्रश्नच कळला नाही. "काय?"

"त्या दिवशी. मी ब्रेक दाबला होता?"

"तूच तर सांगत होतास, दाबला म्हणून."

"हो, मी सांगत होतो. पण तुम्ही म्हणालात ना, नाही दाबला. तुम्ही स्वतः बघून आला होतात." तो अगदी साधेपणाने बोलत होता, कसलाही टोमणा नव्हता. "पहिले पहिले मला पक्कं आठवत होतं. मग तुम्ही रोज म्हणायला लागलात. मग मला वाटायला लागलं, बाबांना गाडीचं कळतं, ते खोटं कशाला बोलतील. घाबरून पाय दुसरीकडे गेला असेल, मला समजलंच नसेल. मग मला तसंच आठवायला लागलं, बाबा. झोपेत पण तसंच दिसतं. पाय ॲक्सिलेटरवर आहे आणि मी दाबतोय, दाबतोय. म्हणून मी परत काहीच नाही चालवलं. ज्याला आपला पाय कुठे आहे ते समजत नाही, त्याने चालवूच नये ना. अनूला गाडीत बसवायची वेळ आली तर... मी मधूच्या पायाकडे पण कधी बघत नाही."

मला वाटायचं पोरगा रुसला आहे. बापाशी वैर धरून बसला आहे. बावीस वर्षं मी त्या वैराला वैराने उत्तर देत होतो. आणि त्याने वैर धरलंच नव्हतं. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता. स्वतःच्या पायावर, डोळ्यांवर, बहिणीच्या साक्षीवर ठेवला नाही इतका माझ्यावर ठेवला होता. दिवाकरच्या टेबलापाशी बसलेला धक्का याच्यापुढे काहीच नव्हता. मी भिंतीला हात टेकला.

"दाबला होतास," मी म्हणालो.

"नक्की?"

"दाबला होतास, संजीव."

"चार-पाच बार?"

"चार-पाच वेळा. आणि पेडल गेलं तेव्हा गाडी दरीकडे न नेता डोंगरावर घातलीस. तू तिचा जीव वाचवलास."

तो मान हलवत राहिला. मग माझ्याकडे न बघता माझ्या बाजूने पुढे गेला आणि मधुरिमासमोर उभा राहिला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, हातात अजून इस्त्रीचं ओलं फडकं. "मधू, मी ब्रेक दाबला होता," तो तिला म्हणाला.

"मला माहीत आहे, दादा. मी तर बघत होते."

तो तिथेच जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा मोठ्याने रडायला लागला. मधुरिमा खाली वाकू शकत नाही, म्हणून तिने उभ्यानेच त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. निधी आतून पाणी घेऊन आली आणि त्या दोघांपाशी गेली. मी भिंतीपाशी कागद धरून उभा होतो. आता मला कोणी बसा म्हणालं नाही, आणि मीही बसलो नाही.